चोवीस तासांची बरणी

मी एक जुनी काचेची बरणी आहे. तीन लिटरची, लाल झाकणाची. मित्रांनो, आधीच सांगून टाकते: आयुष्यभर माझ्या पोटात काय साठवलं गेलं हे ऐकून ज्यांना नाक मुरडायचं असेल, त्यांनी ते आत्ताच मुरडून घ्यावं. मग बोलू. मला त्याची लाज कालही नव्हती आणि आजही नाही.

घडवलं होतं मला ढोबळ्या मिरच्यांच्या लोणच्यासाठी. आमच्या बल्गेरियात शरद ऋतू आला की घराघरांत मिरच्या, कोबी, गाजरं यांनी बरण्या भरतात आणि तळघरात रांगेने मांडून ठेवतात. काचेच्या कारखान्यातून निघालेल्या माझ्या हजारो बहिणींच्या नशिबी तेच सुख आलं. आम्हा बारा जणींना मात्र रोदोपी डोंगरातल्या एका छोट्या हॉस्पिटलने उचललं. तिथे लघवी साठवायच्या भांड्यांची वानवा होती आणि लॅबमध्ये नुकतीच लागलेली दोब्रिना नावाची बावीस वर्षांची मुलगी रडकुंडीला आली होती. तिने आम्हाला उकळत्या पाण्याने धुतलं, अंगावर पांढरी पट्टी चिकटवली आणि मापाच्या नळकांड्याने शंभर-शंभर मिलिलिटर पाणी ओतून एकेक रेघ मारली. माझ्या झाकणावर तिने सातचा आकडा लिहिला.

काम काय? ऐका. माणसाचे स्नायू दिवसभर एक कचरा तयार करतात, त्याला क्रिएटिनिन म्हणतात. किडनी तो रक्तातून गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. मग किडनी किती काम करते हे कळायचं कसं? चोवीस तासांत किती कचरा बाहेर पडला ते माझ्या पोटात मोजायचं, रक्तात किती उरला ते सुईने मोजायचं, आणि दोन्हींचा मेळ घालायचा. किडनी दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्त स्वच्छ करते ते कळतं. शंभराच्या आसपास असेल तर छान. तीसवर आलं की सांभाळा. दहावर आलं की देवाचं नाव घ्या.

नियम एकच होता, पण कडक. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, त्यानंतरचा थेंबन् थेंब माझ्यात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची शेवटची. दोब्रिना हे प्रत्येकाला तीनदा सांगायची. तरी लोक ते लोकच! कुणी पहिली ठेवायचं आणि शेवटची टाकायचं. एक बाई तर मला काठोकाठ मिरच्यांच्या लोणच्याने भरून घेऊन आली आणि नवऱ्याची लघवी प्लमच्या दारूच्या बाटलीत वेगळी.

"अहो काकू, हे काय?" दोब्रिना किंचाळली.

"बाई गं, उसनं भांडं रिकामं परत करतात का कुठे?" बाईच उलट रागावली. "माझ्या सासूने शिकवलं नाही मला तसं!"

लोणचं कुणी खाल्लं नाही, हे सांगायला नकोच.

ती माझी भरभराटीची वर्षं. शिशाच्या खाणीतले कामगार, तंबाखूच्या शेतातल्या बायका, मेंढपाळ, शाळामास्तर, सगळे मला पिशवीत लपवून बसमधून आणायचे. मोठे डॉक्टर माझ्यावरून औषधं ठरवायचे. "सात नंबरने काय सांगितलं?" असं विचारलं जायचं, आणि मी सांगितलेलं चालायचं.

मग संगणक आला. सुईभर रक्त घ्यायचं, वय आणि बाई की पुरुष एवढं टाइप करायचं, की कागदावर आकडा तयार. ना बरणी, ना बस, ना घाण. माझ्या बहिणी एकेक करून गेल्या. कुणात जिरॅनियमचं फुलझाड लावलं, कुणात सुताराने खिळे ठेवले, दोन फुटल्या. मी दोब्रिनाच्या खिडकीत पेन्सिली सांभाळत बसले. तेव्हा डॉक्टर चावदारोव आले. तिशीतले, हुशार, प्लॉव्हदिव्ह शहरातून शिकून आलेले, चालताना सुद्धा घाईत. पहिल्याच दिवशी त्यांनी फर्मान काढलं.

"दोब्रिनाताई, ही बरण्यांची जत्रा बंद. लोक अर्धं सांडतात, अर्धं विसरतात. त्यापेक्षा रक्ताचा आकडा बरा."

खरं ते खरं, मित्रांनो. मी उद्धट आहे, खोटारडी नाही. बहुतेक माणसांना तो रक्ताचा आकडा पुरतो, आणि लोक अर्धं सांडतात हेही खरंच. पण 'बहुतेक' म्हणजे 'सगळे' नव्हे. पेन्सिली पोटात घेऊन मी हे रोज मनात म्हणत होते. ऐकतंय कोण!

एका बुधवारी रायचो काका आले. चाकांच्या खुर्चीतून, त्यांची बायको मिन्का मागून ढकलत. काका एकाहत्तर वर्षांचे. तरुणपणी खाणीत छत कोसळलं आणि दोन्ही पाय मांडीपासून गेले. पण रडत बसेल तो रायचो कसला? त्याने गाईदा बनवायला घेतल्या. गाईदा म्हणजे बोकडाच्या कातड्याची पिशवी आणि तिला लाकडी नळ्या. आमच्या डोंगरात तिच्याशिवाय लग्न लागत नाही आणि मयतही उठत नाही. नळीच्या भोकाला कानस एक केसभर जास्त लागली तर सूर बिघडतो. ती केसभर रायचो काकांना कानाने कळायची. पोट त्या कानांवर, आणि मानही.

बसून बसून त्यांना पाठीखाली जखम झाली होती, ती हाडापर्यंत गेली होती, ताप उतरत नव्हता. डॉक्टरांनी जखमेतला नमुना घेतला आणि शुक्रवारी या म्हणाले. रक्त काढायला काका लॅबमध्ये आले. दोब्रिनाने त्यांचा दंड हातात धरला आणि तिचा चेहरा बदलला. दंड कसला, काठीच. सेहेचाळीस किलोचा माणूस. रक्ताचा कागद आला: ऐंशी. एकदम झकास आकडा.

दोब्रिनाने कागदाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि कुणालाही न विचारता माझ्यातल्या पेन्सिली टेबलावर ओतल्या. मित्रांनो, काय सांगू, काच असूनही मला धडधडलं!

"मिन्का काकू, उद्या सकाळपासून परवा सकाळपर्यंत. पहिली टाकायची..."

"ठाऊक आहे गं, माझ्या भावाला केलं होतं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

अशी मी त्यांच्या घरी गेले. कानशींच्या आणि नळ्यांच्या टेबलाखाली मला जागा मिळाली. मिन्का काकूंनी काम चोख केलं, मी साक्षीला आहे, एक थेंब इकडेतिकडे गेला नाही. शुक्रवारी सकाळी माझ्यात एक लिटर चारशे होतं. काकूंनी मला उजेडात धरलं आणि त्यांचं तोंड पडलं.

"शी! अर्धी सुद्धा नाही. अशी परत द्यायची? लोक काय म्हणतील?"

आणि त्या माउलीने नळाखाली धरून मला गळ्यापर्यंत पाण्याने भरलं! वर भरतकामाचा रुमाल घातला.

हॉस्पिटलात दोब्रिनाने मला हलवून, मोजून, नळीत नमुना घेतला आणि हिशेब केला. पस्तीस. दर मिनिटाला पस्तीस मिलिलिटर. तिने पुन्हा केला. पुन्हा पस्तीस. ती मला काखोटीला मारून तडक डॉक्टरांच्या खोलीत गेली. काका-काकू तिथेच होते. जखमेतल्या जंतूवर एकच औषध चालतं असा अहवाल आला होता आणि डॉक्टर त्या औषधाबद्दल समजावत होते.

"इंजेक्शन आहे. चौदा दिवस. चांगलं औषध आहे, पण किडनीने ते वेळच्या वेळी बाहेर टाकलं पाहिजे. अंगात साचलं तर कानांना इजा होते. गेलेलं ऐकू परत येत नाही. पण काळजी नको, तुमची किडनी ऐंशी आहे. रोज एक देऊ."

"पस्तीस आहे," दोब्रिना म्हणाली.

डॉक्टरांनी मान वर केली. मला पाहिलं. रुमाल पाहिला.

"ही कुठून आली?"

"मी दिली होती."

"मी बंद केलं होतं ना? आणि ही अशी काठोकाठ भरलेली कशी? काकू, यात काही घातलंत?"

मिन्का काकू ताठ उभ्या राहिल्या. "पाणी घातलं. स्वच्छ पाणी. अर्धं भांडं परत द्यायला आम्ही काय भिकारी आहोत?"

डॉक्टर हसले. मित्रांनो, ते हसू मला आजही टोचतं. त्यांनी माझा आकडा लिहिलेला कागद चुरगाळला. "बघा दोब्रिनाताई! म्हणून सांगत होतो. पाणी घातलेल्या लघवीवरून मी औषध ठरवू?"

"पाण्याने काही होत नाही, डॉक्टर. सूपात चमचाभर मीठ टाकलं आणि वर तांब्याभर पाणी ओतलं, तर सूप अळणी लागेल, पण भांड्यातलं मीठ चमचाभरच राहील ना? आपण मीठ मोजतो."

डॉक्टर थांबले. हुशार होते, कळलं त्यांना. पण हार मानतील तर डॉक्टर कसले! "बरं. पाणी सोडा. पण यात एकूण क्रिएटिनिनच किती कमी आहे! एवढ्या मोठ्या पुरुषाचं याच्या दुप्पट तरी यायला हवं. म्हणजे निम्मं सांडलंय."

"मी सांडलं?" मिन्का काकूंचा आवाज चढला. "छप्पन्न वर्षं दूध काढतेय, थेंब सांडला नाही!"

"एवढा मोठा पुरुष?" दोब्रिना म्हणाली. "डॉक्टर, त्यांना पाय नाहीत. दंडाला हात लावून बघा. स्नायूच नाहीत तर कचरा येणार कुठून? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यांचं रक्त स्वच्छ दिसतं ते किडनी चांगली म्हणून नव्हे, कचराच कमी म्हणून. घरात जेवणारी माणसं दोनच असली तर बेसिनमध्ये ताटं कमीच दिसणार. म्हणून ताटं घासणारी चपळ आहे असं ठरवायचं का?"

रायचो काकांनी खुर्चीची चाकं पुढे घेतली.

"डॉक्टर, तुम्ही शिकलेले आहात. पण माझं ऐका. पाय गेले, मी हूं की चूं केलं नाही. ही जखम मारणार असेल तर मारू दे. पण कान मी देणार नाही. बहिरा होऊन टेबलाशी बसण्यापेक्षा मी आजच घरी जातो."

"घरी गेलात तर महिना काढणार नाही तुम्ही," डॉक्टर चिडून म्हणाले.

"महिनाभर ऐकेन तरी!"

हट्टाला हट्ट भिडला, आणि मध्ये टेबलावर मी. एका बाजूला ऐंशी, एका बाजूला पस्तीस. खरं कोण? माझं चुकलं तर औषध कमी पडून म्हातारा जंतूने जाणार. यंत्राचं चुकलं तर कान जाणार. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण बरणीला तोंड असतं ते फक्त भरण्यासाठी.

दोब्रिनाच शेवटी म्हणाली, "पहिलं इंजेक्शन आत्ता द्यायचंच आहे, किडनी कशीही असो. ते द्या. दुसरं उद्या दहाला. मधे चोवीस तास आहेत. मी स्वतः काकांच्या खाटेशी बसते. पुन्हा साठवते. निम्मं सांडलं असेल तर उद्या आकडा दुप्पट येईल आणि मी तुमची माफी मागून निवृत्तीचा अर्ज देईन."

"आणि तेवढाच आला तर?"

"तर तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा."

"बसा मग," डॉक्टर म्हणाले.

मग मला धुतलं, पुसलं आणि खाटेखाली ठेवलं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत दोब्रिना कधी कुणाच्या उशाशी बसली नव्हती. त्या दिवशी ती बसली. दर खेपेला भांडं ती स्वतः धरायची, माझ्यात ओतायची आणि वहीत वेळ लिहायची. काका संकोचाने मेले. "तुझ्यासमोर हे काय गं माझं," असं दर वेळी म्हणायचे, आणि ती म्हणायची, "काका, मी आजवर अख्ख्या डोंगराची पाहिली आहे. तुमची काय सोन्याची आहे?" मिन्का काकूंनी पतातनिक, म्हणजे आमच्या डोंगरातलं बटाट्याचं थालीपीठच म्हणा, आणलं होतं, ते तिघांनी मिळून खाल्लं. अंधार पडला, उजाडलं, आणि साडेनवाला शेवटची भर पडली. माझ्यात एक लिटर तीनशे होतं.

डॉक्टर लॅबच्या दारात आधीच उभे होते. मागे नर्स, तिच्या हातात ट्रे, ट्रेमध्ये भरलेलं इंजेक्शन. दोब्रिनाने मला हलवलं, नमुना घेतला, यंत्रात घातला. सगळे त्या यंत्राकडे बघत होते आणि मी डॉक्टरांकडे.

छत्तीस.

काल पस्तीस, आज छत्तीस! दोन वेगवेगळे दिवस, दोन वेगवेगळे हात, आणि बोलणं एक. सांडणाऱ्याचं असं जुळत नाही, मित्रांनो. सांडणारा आज थोडं सांडतो, उद्या जास्त.

तेवढ्यात मिन्का काकू पाण्याचा जग घेऊन आत आल्या. माझ्यात डोकावून पाहिलं आणि कुणाकडे न बघता माझ्या पोटात ओतायला लागल्या.

"अहो काकू!" डॉक्टर पुढे झाले.

"ओता काकू, बिनधास्त ओता," दोब्रिना म्हणाली. "डॉक्टरांसमोर ओता."

मी काठोकाठ भरले. दोब्रिनाने मला नीट ढवळलं, पुन्हा माप घेतलं, पुन्हा नमुना, पुन्हा यंत्र. रंग फिकट झाला होता, कचरा तेवढाच होता. हिशेब पुन्हा छत्तीसच आला.

डॉक्टर चावदारोव स्टुलावर बसले. घाईतला माणूस पहिल्यांदाच बसलेला पाहिला मी. मग त्यांनी नर्सच्या ट्रेमधलं इंजेक्शन उचललं, बाजूला ठेवलं आणि कागदावर 'रोज' खोडून 'दिवसाआड' लिहिलं. उठून ते रायचो काकांच्या खाटेपाशी गेले. दोब्रिनाही गेली आणि मीही, तिच्या काखोटीला. डॉक्टरांनी पांघरूण बाजूला केलं आणि काकांचा दंड हातात धरला. बराच वेळ.

"पाय नाहीत हे मला दिसत होतं, काका," ते हळू म्हणाले. "आकड्याला ते दिसत नाही, हे मी विसरलो. थोड्याच दिवसांत तुमचे कान माझ्यामुळे..."

"गेले नाहीत ना अजून?" काका म्हणाले. "मग रडता कशाला? औषध द्या."

चौदा दिवस काका राहिले. तापाने सहाव्या दिवशी काढता पाय घेतला, जखम तळातून भरू लागली. डॉक्टर रोज दोनदा रक्त बघत आणि तिसऱ्यांदा उगाचच काकांशी गप्पा मारायला येत. आपण बोललेलं म्हाताऱ्याला कळतं की नाही ते पाहायचं असायचं, पण विचारायची हिंमत होत नव्हती. काका तर त्यांना मुद्दाम छळायचे: "काय म्हणालात? जरा मोठ्याने!" डॉक्टर पांढरे पडले की काका खो-खो हसायचे.

आता मी पुन्हा खिडकीत आहे. पेन्सिली दोब्रिनाने दुसऱ्या डब्यात टाकल्या आहेत. अति बारीक, अति लठ्ठ, हात-पाय गमावलेला किंवा महिनोन् महिने खाटेला खिळलेला माणूस आला, की डॉक्टर स्वतः येऊन झाकणावर टकटक करतात. बाकीच्यांना संगणक आहे, आणि असू दे. माझं त्याच्याशी भांडण नाही. माझं भांडण आहे ते उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांशी. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातलं कुणी डॉक्टर होईल, कुणी नर्स, कुणी लॅबमध्ये बसेल. आकडा जरूर बघा. पण आधी पांघरूण उचला, दंडाला हात लावा, मग आकड्याला विचारा, 'अरे, हा माणूस तुला ठाऊक आहे का?' आणि जुनं भांडं फेकण्याआधी एकदा त्याच्या पोटात काय आहे ते बघून घ्या. एवढं केलंत तर मला फोडलीत तरी चालेल.

काका घरी गेले तो दिवस सांगायचा राहिला. मिन्का काकू खुर्ची ढकलत लांबच्या लांब व्हरांड्यातून निघाल्या होत्या, पार टोकाशी पोचल्या होत्या. दोब्रिना मला घेऊन लॅबच्या दारात उभी होती, शेजारी डॉक्टर. डॉक्टर तिच्याकडे झुकले आणि अगदी कुजबुजत, ओठांतल्या ओठांत म्हणाले, "काय हट्टी म्हातारा आहे हो."

व्हरांड्याच्या त्या टोकाला खुर्ची थांबली. रायचो काकांनी मागे वळूनही पाहिलं नाही, फक्त एक बोट वर केलं.

"ऐकलं मी!"